ट्रेलरमध्ये घरगुती स्प्लिट एसी: पुन्हा पुन्हा गॅस जातोय, काय करावं?

चाकावरचं_घर

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरवर आधी रूफटॉप एसी होता. थंड उत्तम करायचा, पण आत बोलायचं तर ओरडावं लागे. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना छोटा जनरेटर हमखास बंद पडायचा. शेवटी तो उतरवला, छताच्या भोकात व्हेंट फॅन बसवला आणि ९,००० बीटीयूचा (थंड करण्याच्या ताकदीचं माप), आर-३२ गॅसवाला घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट लावून घेतला. आउटडोअर मागच्या बंपरवर अँगलच्या स्टँडवर आणि इनडोअर त्याच भिंतीवर आतून, पलंगाच्या वर. दोन्हींमध्ये जेमतेम दीड मीटर पाइप. बसवणाऱ्याने व्हॅक्यूम पंप, गेज सगळं वापरलं होतं, मी समोरच उभा होतो.

सुरुवातीला स्वर्ग. आवाज नाही, वीज कमी. पण कच्च्या रस्त्याचा मोठा प्रवास झाला की थंडावा उतरतो. पंखा जोरात, हवा नुसती बरी, आणि आउटडोअरच्या बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हवर पांढरा बर्फ. एसीवाला येतो, नटांवर साबणाचं पाणी लावतो, "लीक काही दिसत नाही, गॅस कमी आहे" म्हणतो, भरतो आणि जातो. पुढच्या खडबडीत रस्त्यानंतर पुन्हा तेच.

गळती नेमकी कुठे शोधायची? आउटडोअर मागून काढून पुढे हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडायच्या जागेच्या) मागच्या त्रिकोणी फ्रेमवर न्यावा का? की घरगुती स्प्लिट गाडीत लावणं हाच वेडेपणा आहे?

गारेगार

वेडेपणाच. राग मानू नका, पण रूफटॉप युनिट आवाज करतं म्हणून शिव्या खातं आणि त्याचा खरा गुण कुणी बघत नाही. त्यात गॅसचे सगळे जोड कारखान्यात ब्रेझिंग केलेले (धातू वितळवून सांधलेले) असतात, एकही फ्लेअर नट (पाइपाचं तोंड फाकवून नटाने आवळलेला जोड) नाही. १४ इंची चौकोनी भोकावर पूर्ण युनिट बसतं, चार बोल्ट आवळले की झालं. हादरे धरूनच ते बनवलेलं असतं. घरचा स्प्लिट न हलणाऱ्या भिंतीसाठी असतो. कंपनीचं वॉरंटी कार्ड वाचा, वाहनात लावलेला बहुतेक ठिकाणी चालत नाही.

भटकभवानी

वॉरंटीचं खरं आहे. बाकी गारेगार यांच्याशी असहमत. आमच्या ट्रेलरमध्ये स्प्लिटच आहे आणि रात्री तो चालू आहे की बंद हे पंख्याच्या फटीकडे बघून कळतं. मूल झोपवायचं असेल तर रूफटॉपची तरफदारी करून दाखवा. :)

पण चाकावरचं_घर, बंपरवर? बहुतेक ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी, दोन टोकांना चॅसीला वेल्ड केलेली. तिच्यावर ३० किलोचा डबा उभा केला की प्रत्येक खड्ड्याला नळी पिळते आणि डबा मागेपुढे डुलतो. स्टँड नळीवर आहे की चॅसीच्या मुख्य बीमवर, ते आधी खाली वाकून बघा.

आणि वजनाचं गणित. समजा आउटडोअर आणि स्टँड मिळून ४० किलो, ॲक्सलच्या २.५ मीटर मागे. हिच ॲक्सलपासून ४ मीटर पुढे. म्हणजे हिचवरचा भार ४० × २.५ ÷ ४ = २५ किलोंनी हलका झाला. १,५०० किलोच्या ट्रेलरला हिचवर १० ते १५ टक्के भार हवा असं धरतात, म्हणजे किमान १५०. तुमचा आधीच काठावर असेल तर तो १२५ वर आला. वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो तो यामुळेच. एसी राहू द्या बाजूला, ही तपासणी आधी करा.

तांबटकाका

एसीच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी त्या बर्फाचं. बहुतेक सिंगल स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) आउटडोअरमध्येच असते. म्हणजे बाहेरून आत जाणारा बारीक पाइप हा दाब उतरल्यानंतरचा, थंड पाइप. गॅस कमी झाला की आतला दाब घसरतो, तापमान शून्याखाली जातं आणि हवेतली वाफ तिथेच गोठते. (म्हणूनच बारीक आणि जाड दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन लागतं. दोघांना एकाच नळीत कोंबणारे आहेत, त्यांना नमस्कार.) फिल्टर आणि इनडोअर कॉइल मातीने गच्च झाल्यावरही बर्फ धरतो, पण तेव्हा हवा फार कमी येते. तुमची हवा जोरात आहे, म्हणून गॅस कमी हेच निदान पटतं.

आता गळती. तुमचा सगळा घोळ त्या दीड मीटरमध्ये आहे. आउटडोअर बंपरबरोबर हलतो, इनडोअर भिंतीबरोबर. दोघांची लय वेगळी आणि मधला पाइप आखूड, ताठ. सगळं वाकणं फ्लेअरच्या मानेवर येतं, नटाच्या अगदी मागे. तांबं मऊ असतं, पण सतत वाकवलं की कडक होत जातं आणि मग चिरतं, तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसं. ही चीर केसाएवढी असते. उभ्या ट्रेलरमध्ये ती मिटलेली राहते, रस्त्यावर उघडते. साबणाच्या पाण्याला म्हणून काही दिसत नाही.

शिवाय कंपन्या साधारण ३ मीटरची किमान लांबी सांगतात. पाइप त्याहून आखूड असला तर कॉम्प्रेसरची थरथर थेट आत येते. त्यामुळे ३ मीटरचा पाइप घ्या, जादा लांबी आउटडोअरच्या मागे आडव्या वेटोळ्यात ठेवा. आडव्याच, बरं का. उभं वेटोळं केलं तर खालच्या वळणात तेल साचतं. वेटोळं दोन्ही टोकांना रबर लावलेल्या क्लॅम्पने धरा, पण क्लॅम्प नटाला चिकटून नको. तिथून वेटोळ्यापर्यंत पाइपाला हलायला जागा पाहिजे.

शोधण्याची पद्धत: उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, कोरडा नायट्रोजन भरायचा आणि रात्रभर सोडायचा. ३० बारच्या आसपास पुरतो, पण कंपनीने दिलेली चाचणी मर्यादा बघूनच. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडायचा नाही. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, यात अतिशयोक्ती नाही. आणि जोड फक्त बाहेरचे तपासू नका. इनडोअरचे दोन जोड भिंतीमागे इन्सुलेशनच्या गुंडाळीत असतात आणि तिथे कुणाचाच हात जात नाही. गुंडाळी सोडा, तेलकट डाग शोधा. गॅसबरोबर तेल येतंच.

शंकेखोर

काका, एक बाळबोध शंका. प्रत्येक प्रवासाआधी गॅस आउटडोअरमध्ये ओढून (पंप डाउन) दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले तर? गॅस सुरक्षित, पाइप हलला तरी फिकीर नाही.

दुसरं म्हणजे आर-३२ पेट घेतो म्हणतात. एवढ्याशा खोलीत झोपायचं आणि गळती कुठे ते माहीत नाही, हे मला तरी झोप लागू देणार नाही.

तांबटकाका

शंका बाळबोध नाही, पण कल्पना सोडा. पंप डाउन केल्यावर पाइपात जवळजवळ काहीच दाब उरत नाही. चीर असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी दमट हवा आत जाते, आणि यातलं पीओई (कॉम्प्रेसरचं कृत्रिम) तेल ओलावा शोषून घेण्यात पटाईत. मग आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग जाते. त्याहून वाईट म्हणजे कुठे फट असताना पंप डाउन चालूच ठेवला तर कॉम्प्रेसर हवा आणि तेल एकत्र दाबतो. त्यातून कॉम्प्रेसर फुटून माणसं जखमी झालेली आहेत. एसी काढून दुसरीकडे न्यायचा तेव्हाच पंप डाउन: बारीक व्हॉल्व्ह आधी बंद, गेजवर दाब शून्याजवळ आला की जाड बंद, आणि त्याच क्षणी मशीन बंद. गळकं मशीन असेल तर तेही नाही.

ओहमकार

आर-३२ च्या भीतीचं उत्तर आकड्यात देतो. हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३०७ ग्रॅम आर-३२ मिसळला तरच तो पेटण्याच्या खालच्या मर्यादेला पोचतो. अशा छोट्या मशीनमध्ये ५५० ग्रॅम गॅस धरू. ट्रेलर आतून ६ × २.२ × २ मीटर, म्हणजे २६ घनमीटर. सगळा गॅस आत सुटून नीट मिसळला तरी घनमीटरला २१ ग्रॅम. मर्यादेच्या ७ टक्के.

"नीट मिसळला तर" हे महत्त्वाचं, कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे आणि आधी जमिनीलगत साचतो. आणि शेगडी पेटलेली असेल तर ज्वाळेत त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड बनतं, ते फुफ्फुसाला फार वाईट. म्हणून गळतीचा संशय असताना शेगडी बंद, दारं-खिडक्या उघड्या. पण खरं सांगायचं तर स्वयंपाकाचा गॅस हवेत २ टक्क्यांच्या आसपासच पेटायला तयार होतो, आर-३२ ला सुमारे १४ टक्के लागतात. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीलगत लावलाय ना, ते आधी बघा.

हेच कारण पुढच्या फ्रेमवर आउटडोअर नेण्याच्या आड येतं. तिथे बहुतेकांचे एलपीजी सिलिंडर असतात आणि आउटडोअरच्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) रिले, म्हणजे विजेचे स्विच असतात. ठिणगी आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह शेजारी शेजारी नकोत.

भटकभवानी

आमचा पुढेच आहे. सिलिंडर एका बाजूच्या हवेशीर, खालून उघड्या पेटीत हलवले, आउटडोअर दुसऱ्या बाजूला. हिचवरचा भार वाढला, तो गाडीच्या मर्यादेत बसतो का हे वजनकाट्यावर बघून घेतलं. पुढे ठेवण्यात आणखी एक कटकट आहे, ओढणाऱ्या गाडीच्या चाकांतून उडणारे खडे थेट कॉइलच्या पत्त्यांवर. जाळी लावली आहे, पण फार बारीक नाही, नाहीतर हवाच अडते.

आणि प्रवासात पंख्यावर कव्हर घाला. वाऱ्याने पाती भन्नाट फिरतात, आणि आतली बीएलडीसी (चुंबकाची, ब्रश नसलेली) मोटर अशी बाहेरून फिरवली की ती जनरेटरसारखी उलट व्होल्टेज देते. पोचल्यावर कव्हर काढायचं मात्र विसरू नका.

गारेगार

म्हणजे सिलिंडर हलवा, फ्रेम बदला, वेटोळं घाला, जाळी लावा, कव्हर घाला. रूफटॉपला यातलं काय लागतं? मी फक्त विचारतोय. ;)

ओहमकार

रूफटॉपला मोठा जनरेटर लागतो, हे सोयीस्करपणे विसरलात. १३,५०० बीटीयूचं जुन्या पद्धतीचं युनिट सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट ओढतं. सॉफ्ट स्टार्टर लावून ते कमी करता येतं, मान्य. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मुळातच हळूहळू वेग घेतो. बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर फरक आणखी दिसतो. हा ९,००० चा स्प्लिट सरासरी ५०० वॉट घेईल असं धरा, ८ तासांची रात्र म्हणजे ४ युनिट. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १.२८ युनिट मावतात. नुकसान धरून चार बॅटऱ्या. आणि बॅटरीमागचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच हवा.

एक्स्टेंशन केबलबद्दल कुणी बोललं नाही. १.५ चौरस मिमीची ३० मीटर केबल घेतली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७३ ओहम. १० अँपिअरला ७.३ व्होल्ट वाटेतच गेले. २३० व्होल्टच्या जोडणीवर हे ३ टक्के, १२० व्होल्टच्या जोडणीवर ६. मुक्कामाच्या टोकाच्या खांबावर आधीच व्होल्टेज रडत असेल तर मशीन एरर देऊन बसतं आणि लोक पीसीबी बदलतात. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी चालवू नका, आतली वळणं तापून इन्सुलेशन वितळतं.

शंकेखोर

पीसीबी निघालाच आहे तर: आमच्या ओळखीच्यांच्या ट्रेलरमध्ये प्रवासानंतर कम्युनिकेशन एरर येतो. बंद-चालू केलं की कधी जातो, कधी नाही. दोन पीसीबी बदलून झाले.

ओहमकार

इनडोअर-आउटडोअरमधली केबल बघायला सांगा. घरात एकसंध तारेची केबल लावतात, ट्रेलरमध्ये ती टर्मिनलच्या तोंडाशी तुटते. बारीक तारांची लवचीक केबल, टोकांना क्रिम्प केलेले लग, मध्ये एकही जोड नाही. सिग्नलची तार न्यूट्रलच्या आधाराने बोलते, त्यामुळे न्यूट्रल ढिला असला तरी हाच एरर.

झाकण उघडण्याआधी वीज पूर्ण तोडा आणि थांबा. आउटडोअरच्या पीसीबीवरच्या मोठ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टच्या वर डीसी उरलेला असतो. मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबून मल्टिमीटरने मोजा, मगच हात घाला. ज्यांना हे मोजता येत नाही त्यांनी झाकणच उघडू नये, एवढं स्पष्ट लिहितो.

चाकावरचं_घर

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

दुसरा एसीवाला शोधला, नायट्रोजन बाळगणारा. संध्याकाळी ३० बार भरला, सकाळी २९. आम्ही हताश, कारण लीक एवढा बारीक असेल तर सापडणार कसा?

तांबटकाका

थांबा, तापमान किती उतरलं होतं? संध्याकाळी ३५ अंश आणि पहाटे २५ असेल तर नायट्रोजन नुसता थंड होऊनच एक बार उतरतो. तेवढं वजा करून बघा.

चाकावरचं_घर

काका, अगदी तेवढंच! म्हणजे उभ्या ट्रेलरमध्ये गळती शून्य. मग तुमचं "रस्त्यावर उघडते" आठवलं. दाब तसाच ठेवून एकाने आउटडोअर धरून मागेपुढे हलवला, दुसऱ्याने आत गुंडाळी सोडून साबण लावला. इनडोअरच्या जाड पाइपाच्या नटामागे फेस आला. हलवलं की बुडबुडे, सोडलं की बंद. गुंडाळी आतून तेलाने ओली होती.

आउटडोअर उघडल्यावर आणखी एक दिसलं. आतली कॅपिलरी एका पाइपाला घासून चकचकीत झाली होती. अजून भोक नाही, पण वाटेवर. स्टँड अर्थातच नुसत्या बंपरच्या नळीवर होता.

आता पुढे काय क्रमाने करू?

तांबटकाका

शाब्बास, हलवून बघणं मलाही लिहायला सुचलं नव्हतं.

आधी पाया. स्टँडचे पाय बंपरवरून काढून चॅसीच्या दोन्ही बीमपर्यंत न्या, बंपरवर काहीच भार नको. मागेच ठेवायचा तर भटकभवानी यांचं गणित वजनकाट्यावर तपासा. स्टँड आणि आउटडोअर यांच्यामध्ये रबर माउंट, नट नायलॉक (हादऱ्याने न सुटणारे). कॉम्प्रेसरच्या पायांचे रबर मात्र आवळून दाबायचे नाहीत. बरेच जण "प्रवासात हलू नये" म्हणून आवळतात आणि मग थरथर थेट पाइपांत जाते. तो तरंगता राहावा अशीच रचना असते. घासणाऱ्या कॅपिलरीला वेगळं करून मध्ये रबराचा तुकडा घाला आणि बांधा.

मग नवा ३ मीटर पाइप. दोन्ही टोकांचे फ्लेअर नवे, कापल्यावर आतली कड साफ करून. ती करताना पाइपाचं तोंड खाली ठेवा म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअरला त्याच गॅसच्या तेलाचा थेंब, टेफ्लॉन टेप वगैरे अजिबात नाही. नट टॉर्क रेंचने: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३४ ते ४२. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. "हाताचा अंदाज" ट्रेलरमध्ये चालत नाही. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर फ्लेअर पातळ होऊन तिथेच चिरतो.

पुन्हा नायट्रोजन, पुन्हा हलवून बघणं. मग व्हॅक्यूम, ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं माप) खाली. ते मायक्रॉन गेजवरच, कारण मॅनिफोल्डच्या (नेहमीच्या गेजच्या) काट्यावर एवढं बारीक दिसत नाही. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं बघा. आकडा थोडा चढून थांबला तर ओलावा आहे, पंप आणखी चालवा. चढतच राहिला तर गळती.

आणि गॅस वजनकाट्यावर, मशीनच्या प्लेटवर लिहिलेले ग्रॅम. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे गेजवरचा दाब बघून टॉप-अप करणं म्हणजे डोळे मिटून नेम धरणं. तुम्हाला आत्तापर्यंत तसाच भरून दिला असणार.

गारेगार

नायट्रोजन भरून हलवायची युक्ती आवडली. रूफटॉपवाल्यांतर्फे एक टाळी.

भटकभवानी

एक राहिलं. इनडोअर भिंतीवरच्या प्लेटला नुसता अडकवलेला असतो, खड्ड्यात उडी मारून हुकातून सुटू शकतो. खालून दोन छोटे ब्रॅकेट लावा. प्लेटचे स्क्रू नुसत्या पातळ प्लायमध्ये असतील तर मागे १२ मिमीची फळी टाकून ती भिंतीच्या आतल्या पट्ट्यांना धरा.

चाकावरचं_घर

फळी आहे, ब्रॅकेट नाहीत, लावतो. स्टँड वेल्डिंगला दिला. ड्रेनचं पण विचारायचं होतं: कधी कधी पाणी आत पलंगावर टपकतं, पण रोज नाही.

शंकेखोर

याचं उत्तर मला माहीत आहे! ट्रेलर ड्रेनच्या उलट बाजूला कलता उभा असेल तेव्हाच टपकतं. ट्रे आडवा धरूनच बनवलेला असतो. मुक्कामाला आधी लेव्हल लावून चाकाखाली ठोकळे घाला, मग एसी सुरू करा. तरीही टपकलं तर ड्रेन पाइपाचं बाहेरचं तोंड बघा, कुंभारमाशी तिथे मातीचं घरटं करते. आमच्याकडे तेच निघालं होतं, आता तोंडाला जाळीचा तुकडा बांधलाय.

तांबटकाका

बरोबर. जाळी मोठ्या भोकांची ठेवा आणि मधूनमधून धुवा, नाहीतर शेवाळाने तीच तुंबते.